डावा डोळा

"ही कोणत्या डोळ्याने बघते?" काउंटरपलीकडच्या पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी मला विचारलं, आणि मला उत्तर देता येईना. लेकीला होल्यांच्या, म्हणजे कबुतराच्या गोतातल्या पाखरांच्या, शिकारीला जायचंय, म्हणून आम्ही गेलो होतो ते वीस बोअरच्या बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा भाग, तिला किती लांबीचा लागेल ते बघायला. मी म्हटलं, दोन्ही डोळ्यांनी. त्यांनी मान हलवली आणि मला सोडून थेट तिच्याशीच बोलायला लागले. दोन्ही हात समोर ताठ कर, तळव्यांच्या मध्ये छोटा त्रिकोण धर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ. आता उजवा डोळा मिट. दिसतंय? दिसतंय. आता डावा मिट. "गेलं!" ती म्हणाली. "हाताला उजवी, डोळ्याला डावी," गृहस्थ पुटपुटले आणि चिठ्ठीवर काहीतरी खरडून मोकळे झाले. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. हिला मी उजव्या हाताने जेवायला शिकवलं, हिच्या मुठीत पेन्सिल मी दिली, हिचे चष्म्याचे नंबर मला आजही पाठ आहेत. चौदा वर्षं ही पोरगी मुख्यत्वे डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. परतताना गाडीत ती मजेत होती, गाणी लावत होती. मला मात्र कुठेतरी खुपत होतं.

डोळ्याचं एवढं कशासाठी, तर छऱ्यांची बंदूक रायफलसारखी नेम धरून मारत नाहीत. पक्षी उडत असतो, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, नजर त्याच्यावर आणि नळी त्याच्या वाटेने पुढे फिरवत न्यायची. नेम जुळवायला बंदुकीच्या मागच्या बाजूला वेगळी खूण नसते, तुमचा डोळाच ते काम करतो. दस्ता उजव्या खांद्याला आणि हुकमत डाव्या डोळ्याची असली की छर्रे कायम बाजूने जातात, आणि का जातात ते कळतही नाही. उपाय दोन. चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टीचा ठिपका लावायचा, नाहीतर सरळ खांदा बदलून डावखुरं व्हायचं. लेकीने दुसरा निवडला. पट्टी घामाने सुटेल म्हणाली. टेक्सासच्या सप्टेंबरात ते खरंच आहे.

हे सुरू झालं तिच्या मैत्रिणीच्या घरून. इथे १ सप्टेंबरला होल्यांचा मोसम उघडतो, म्हणजे राज्याच्या उत्तर आणि मध्य भागात. त्या दिवसाचं इथल्या लोकांना आपल्याकडच्या मृगाच्या पहिल्या पावसाइतकं अप्रूप. गेल्या वर्षी मैत्रीण सूर्यफुलाच्या शेताच्या बांधावर बसून आली आणि शाळेत त्याच्या गोष्टी सांगत सुटली. माझी लेक हल्ली घरात एकेका शब्दात बोलते. हो, नाही, बघू, माहीत नाही. ती एका रात्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सलग पंधरा मिनिटं बोलली. कुठली परवानगी लागते, काय शिकावं लागतं, कुठली जमीन सरकारी, किती खर्च. मला शिकारीत काडीचा रस नव्हता. ती बोलत होती, म्हणून मी हो म्हटलं. आधी होकार आणि मग विचार, असा क्रम झाला खरा.

मग अभ्यास. सतरा वर्षांच्या आतल्यांना शिकाऱ्यांचा अभ्यासक्रम एकतर वर्गात बसून करावा लागतो, नाहीतर धडे ऑनलाइन आणि वर एक दिवस मैदानावर. २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मोठ्यांनाही तो सुटत नाही, त्यामुळे मी पण विद्यार्थिनी. नव्या वर्षाची लायसन्सं १५ ऑगस्टला विकायला येतात. तिचं सात डॉलरचं, माझं पंचवीसचं, वर स्थलांतरित पक्ष्यांचा माझा सात डॉलरचा शिक्का वेगळा. ९५ टक्क्यांहून जास्त जमीन इथे खाजगी, तेव्हा ज्यांच्या ओळखीत शेतकरी नाही त्यांनी ४८ डॉलरचा वार्षिक परवाना काढायचा आणि राज्याने मोसमापुरत्या भाड्याने घेतलेल्या शेतांच्या नकाशातून एखादं शेत हेरायचं. लेकीने कोलमनच्या बाजूचं एक हेरलंय. उपग्रहाच्या चित्रात तिने त्यातलं तळं, तारेचं कुंपण, सुकलेलं झाड, सगळं शोधून ठेवलंय. होले सकाळी दाणे टिपून पाण्यावर येतात आणि पाण्याजवळच्या निष्पर्ण फांदीवर आधी बसतात, हे तिने मला शिकवलं. घरून तिथे पोचायला तीन तास. गोळी चालवायची मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून. म्हणजे पहाटे तीनला उठणं आलं. शाळेसाठी सातला उठवताना जी उशी फेकून मारते, ती मुलगी तीनचा गजर लावून बघते आहे.

खरी पंचाईत तारखेची.

यंदा अधिक ज्येष्ठ होता, त्यामुळे श्रावण सरकत सरकत सप्टेंबरात पोचलाय. १ तारीख मंगळवारी, तेव्हा शाळा. पहिला शनिवार ५ तारखेचा, त्या दिवशी गोपाळकाला. आमच्या घरात मी काही पाळत नाही, पण नवरा श्रावण कडक पाळतो. एरवी रविवारी कोंबडीशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही तो माणूस महिनाभर वरणभातावर काढतो, आणि त्या महिन्यात घरच्या फ्रीजरमध्ये मेलेली पाखरं ठेवायची कल्पनाही त्याला सहन होत नाही. त्यापुढचा शनिवार १२ तारखेचा. श्रावणातली अमावास्या ११ला सकाळी संपते आणि सोमवारी १४ला गणपती बसतात. म्हणजे शिकारीला मोकळा असा हा एवढाच शनिवार. पण लेकीचं म्हणणं, तोवर पक्षी शहाणे होतात. पहिल्या आठवड्यात बंदुकांचे आवाज ऐकले की शेतं बदलतात, आणि उत्तरेकडून वाऱ्याची एखादी थंड झुळूक आली की थवेच्या थवे दक्षिणेला निघून जातात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तिने ५ तारखेला लाल गोल केलाय, बापाने १२ला निळा. दोघं एकमेकांशी यावर बोलत नाहीत. गोल मात्र रोज जाड होत चाललेत.

१ सप्टेंबरच का, हे मी शोधलं, कारण श्रावणाच्या वादात मला काहीतरी मुद्दा हवा होता. उलटाच निघाला. अमेरिकेने १९१६ साली कॅनडातर्फे ब्रिटनशी पक्ष्यांचा करार केला, त्यात १० मार्च ते १ सप्टेंबर हा काळ शिकारीला बंद ठेवला, कारण तेव्हा पाखरं घरटी करतात. १९१८ साली त्याचा कायदा झाला. म्हणजे यांचाही चातुर्मासच, फक्त महिने वेगळे. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तोही त्यातलाच प्रकार. पण निसर्ग तारखा पाळत नाही. इथला होला वर्षातून अनेकदा अंडी घालतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला थोड्या घरट्यांत अजून पिल्लं असतात. दिवसा नर अंड्यांवर बसतो, रात्री मादी, आणि दोघंही पिल्लांना घशातलं दूध भरवतात. हे वाचून दाखवल्यावर लेक गप्प झाली. नवरा पेपरामागून म्हणाला, "बघ, श्रावण काय उगीच सांगितलाय?" ती उठून खोलीत गेली आणि तासाभराने येऊन म्हणाली, "बारा तारीख चालेल कदाचित." कदाचितवर तिने जोर दिला. लाल गोल अजून पुसलेला नाही.

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघी मागच्या अंगणात खुर्च्या टाकून तारेवरचे पक्षी ओळखतो. हा गृहपाठ तिने लावून दिलाय. इथला साधा होला सडपातळ, शेपूट निमुळतं टोकदार, उडताना पंखांची शीळ वाजते. पांढऱ्या पंखांचा थोडा जाड, पंखावर पांढरा पट्टा. दिवसाला दोन्ही मिळून पंधरा, त्याहून एकही जास्त नाही. मग किलडीअर. हा आपल्या टिटवीच्या गोतातला, पहाटेच्या अंधुक उजेडात हुबेहूब होल्यासारखा झपकन जातो आणि नवशिके त्यालाच पाडून दंड भरतात. छोटा खवल्याखवल्यांचा इंका होलाही मारायचा नाही. आणि मग तो चौथा. मोठा, फिकट राखाडी, चौकोनी शेपटीचा, मानेमागे काळी अर्धी कंठी. पहिल्यांदा तो शेजाऱ्यांच्या तारेवर येऊन घुमला तेव्हा मी चहा हातात धरून बसून राहिले. करमाळ्याला आमच्या घरामागच्या बाभळीवर दुपारभर हाच आवाज असायचा. पठाणी होला. मला वाटलं भास होतोय.

भास नव्हता. हे पाखरू मूळचं आपल्याकडचं, गेल्या शतकात तुर्कस्तानातून युरोपभर पसरलं. १९७४ साली बहामात कुणा पक्षीपाळाच्या पिंजऱ्यातून काही सुटले, ते समुद्र ओलांडून फ्लोरिडात आले आणि तिथून पसरत पसरत साऱ्या अमेरिकेत. टेक्सासात त्याला मोसम नाही, मर्यादा नाही. वर्षभर कधीही मारा, कितीही मारा, फक्त ओळख पटेल एवढी पिसं ठेवा. लेकीने पुस्तिकेतलं ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. डाव्या डोळ्याने, असं मला आता प्रत्येक वेळी वाटतं. "बाहेरून आलेला म्हणून?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, इथल्या पाखरांच्या जागा घेईल अशी भीती असते. "पण तो इथेच जन्मलाय ना, हा तारेवरचा?" ती स्वतः ऑस्टिनच्या हॉस्पिटलात जन्मलेली. मला तिथून विषय बदलायचा होता, म्हणून मी तिला वेड्या बाभळीबद्दल सांगितलं. इथे रानोमाळ जे मेस्कीट माजलंय त्याची सख्खी बहीण अमेरिका खंडातूनच आपल्याकडे गेली आणि सोलापूर-नगरची गायरानं खाऊन बसली. म्हणजे तुम्ही आम्हाला काटे दिलेत, आम्ही तुम्हाला होला दिला. ती हसली. प्रश्न काही सुटला नव्हता.

करमाळ्याच्या घरात बंदूक होती. आजोबांची बाराबोअर, माजघरात खुंटीवर. मी कळती झाले तोवर तिचं काम उरलं नव्हतं. निवडणूक लागली की वडील ती घोंगडीत गुंडाळून सायकलवरून पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, निकाल लागला की परत आणायचे. पण १९७२चा वन्यजीव कायदा यायच्या आधी ज्वारी निघाल्यावर आजोबा सडातून लावे, तित्तर मारत, आणि वडील शाळकरी वयात मागे पिशवी घेऊन चालत. वडील त्या दिवसांबद्दल सांगत तेव्हा आजोबांच्या नेमाबद्दल फारसं सांगत नसत. सांगत ते फासेपारध्याच्या एका पोराबद्दल. तो पिंजऱ्यात पाळलेला तित्तर घेऊन यायचा, बांधावर ठेवायचा, त्याच्या हाकेला रानातले तित्तर भांडायला धावत यायचे आणि केसांच्या फासात अडकायचे. काडतूस नाही, आवाज नाही. आजोबांची शिकार म्हणजे शौक, बंदुकीला सरकारचा परवाना, ठाण्यात फौजदार खुर्ची द्यायचा. त्या पोराच्या जमातीला इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेलं. १९५२ला तो शिक्का कागदावरून पुसला, ठाण्यातल्या नजरेतून नाही. वडील म्हणत, पाखराची भाषा कळायची ती त्याला, आम्हाला फक्त बार काढता यायचा. सात डॉलर भरून मिळणारं लेकीचं लायसन्स डोळ्यापुढे आलं की मला तो पोरगा आठवतो. त्याचं नाव वडिलांनी सांगितलं असेल, मला आठवत नाही.

घरात बंदूक ठेवायला मी तयार नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं. लेकीने वाद घातला नाही. तिने शाळेत बालवाडीपासून दारं लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसायची कवायत केली आहे. उवाल्डे हे गाव मला २०२२च्या मे महिन्यात माहीत झालं, तिथल्या शाळेतल्या गोळीबारात एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या तेव्हा. त्या रात्री मी हिच्या खोलीत खाली गादी टाकून झोपले होते. आता मोसमाची माहिती वाचताना तेच नाव पुन्हा समोर येतं, कारण पांढऱ्या पंखांच्या होल्यांसाठी तो भाग नावाजलेला आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान मिटलं. बंदूक शेजारच्या निवृत्त शिक्षकांची, त्यांच्याच पोलादी कपाटात राहते, किल्ली त्यांच्याकडे. त्यांनी तिला पहिल्यांदा बंदूक हातात दिली ती उघडून, रिकामी आहे हे तिच्याकडूनच बघून घेऊन. मग दारूगोळ्याच्या नळीत बसवलेली लाकडी दांडी दाखवली. स्थलांतरित पक्ष्यांवर एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं भरायची नाहीत, म्हणून ती दांडी. तिने विचारलं, माणसांसाठी असा नियम का नाही? ते म्हातारे गृहस्थ जन्मभर टेक्सासात शिकवलेले, मतं त्यांची माझ्या उलट. ते बराच वेळ दांडीशीच खेळत राहिले.

दर रविवारी आता ते आम्हाला मातीच्या तबकड्यांच्या मैदानावर नेतात. नारिंगी तबकडी यंत्रातून सुटते, लेक डाव्या खांद्याला दस्ता लावून वळते, बार होतो आणि तबकडी सुखरूप पलीकडच्या गवतात उतरते. सुरुवातीला सगळ्याच उतरायच्या. डावा हात चापावर नेणं हेच तिला सुधरत नव्हतं. हल्ली काही फुटतात. फुटली की धुरासारखी नारिंगी पूड उडते आणि ती मागे वळून बघत नाही, चाप सोडून, नळी खाली करून, बंदूक उघडून मगच वळते. ते मला फुटलेल्या तबकडीपेक्षा जास्त आवडतं. खरा होला ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरने येतो, मध्येच गिरकी घेतो, सराईतांचीही एका पाखरामागे पाच-सात काडतुसं सहज जातात. पाखराच्या मागे निळं आभाळ दिसत नसेल तर मारायचंच नाही, कारण खालून उडणाऱ्या पाखरामागे दुसरा शिकारी बसलेला असू शकतो. हे वाक्य तिने लिहून फ्रिजवर चिकटवलंय. मी दूध काढायला जाते तेव्हा वाचते.

एका रात्री भांडी लावताना ती म्हणाली, "१ सप्टेंबर १९१४. सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था मेली." मार्था म्हणजे शेवटची पॅसेंजर पिजन. अब्जावधी होती ही पाखरं, थवा जाताना ऊन झाकोळायचं, आणि काही दशकांत माणसांनी मारून, पिंपांत भरून, रेल्वेने शहरात विकून संपवली. "म्हणजे मोसम उघडतो तो तिचा मृत्युदिन," ती म्हणाली. मी म्हटलं, मग जायचं नाही का? "मी असं कुठे म्हटलं?" ती चिडली. तिने सांगितलं की चार वर्षांनी कायदा झाला तो असल्याच गोष्टींमुळे, आणि बंदुका-काडतुसांवर ११ टक्के कर लागतो तो १९३७च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाला जातो, म्हणजे आपण काडतुसांचा डबा घेतला त्यातून होल्यांचीच मोजणी होते. सगळं पाठ होतं. मग कपबशी पुसता पुसता तिने जे विचारायचं होतं ते विचारलं. "आई, जखमी होऊन पडला तर?"

तेही पुस्तिकेत आहे. पडलेलं पाखरू शोधायचं, टाकून यायचं नाही, जिवंत असेल तर लगेच मान पिळायची. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा जीव. आमच्या यादीत पाणी होतं, बर्फ, टोप्या, काटे उपटायचा चिमटा, सापासाठी जाड बूट, लाल मुंग्यांचं मलम, जादा मोजे. हे काम कुणाचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. "तू पाडलंस तर तू," असं मी म्हणायला हवं होतं बहुतेक, शेजारचे गृहस्थ तसंच म्हणाले असते. मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी यादीच्या तळाला तिच्या अक्षरात एक ओळ होती: "मान — पहिल्या वेळी आई दाखवेल." मला येतं असं तिने गृहीत धरलंय. मुलाण्याकडे कोंबडी धरून उभी राहायचे मी लहानपणी, कापली कधी नाही. सध्या मी रात्री सगळे झोपल्यावर त्याची चित्रफीत बघते. आवाज बंद ठेवून.

तिने पाडावं की चुकावं, यातलं मला काय हवंय हे विचाराल तर रविवारी मैदानावर असताना एक उत्तर येतं आणि संध्याकाळी तारेखाली बसल्यावर दुसरं. तिला विचारलं तर म्हणते, पंधरा नकोत, पाच पुरे. पाचच का, ते सांगत नाही.

परवा फोनवर आईला सांगितलं. मला वाटलं होतं श्रावणावरून बोलेल. ती आधी म्हणाली, "होला? अगं, त्यात मांस तरी किती असतंय?" मी म्हटलं, फक्त छातीचं घेतात इथे, मिरचीत खोचून वर बेकन गुंडाळून भाजतात. तिला ते मुळीच पटलं नाही. चार माणसांत पाच पाखरं म्हणजे नुसतं तोंड वासून बसणं, हाडं ठेवा, सुकं करा, काळा मसाला घाला, खोबरं भाजून वाटा, वास येतोय तो जाईल. बारा तारखेला करणार असाल तर उरलं काही घरात ठेवू नका, सोमवारी गणपती आहेत, भांडी राखेने घासा. राख कुठून आणू, मी विचारलं. "एवढ्या लांबवर जाऊन पाखरं मारताय, राख मिळंना व्हय?" फोन स्पीकरवर होता. लेक शेजारी बसून मसाल्याचं प्रमाण लिहून घेत होती, उजव्या हाताने.

"आणि काहीच नाही घावलं तर गं?" आजीने तिला विचारलं.

"मग पिठलं, आजी," ती म्हणाली.